दोन चेहरे दिसले की बंद

कामगार संघटनेत पत्रक लिहायला बसवलं तेव्हा मला पहिल्याच आठवड्यात एक शिस्त लावली गेली. छापायला टाकण्याआधी पत्रक ज्याच्यासाठी आहे त्याला वाचून दाखवायचं. त्याला कळलं नाही तर तो अडाणी नाही, आपण बेकार लिहिलंय. एवढी साधी गोष्ट. पण गेल्या वर्षी मी एका समितीत बसले आणि बघितलं, शिकलेल्या माणसांना ती सांगूनही कळत नाही.

नदीपलीकडच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात वॉर्डातल्या कंत्राटी मावश्यांना कायम करायचं, असं बऱ्याच भांडणानंतर ठरलं होतं. व्यवस्थापनानं त्याला शेपूट जोडलं. आधी प्रत्येकीनं संसर्ग टाळण्याचा ऑनलाइन कोर्स करायचा, परीक्षा पास व्हायची. दिवाळीच्या आधी पास होतील त्या पहिल्या तुकडीत कायम, आणि दिवसपाळीची पहिली निवड त्यांची. तिसऱ्या मजल्यावरच्या एका मावशीला दुसरं काही नकोच होतं. यवतमाळकडची बाई, येरवड्यात भाड्याच्या खोलीत राहणारी, घरात ती आणि दहावीतली मुलगी, बस्स. आई रात्रपाळीला, मुलगी खोलीत एकटी. "पोरीच्या परीक्षेच्या आधी दिवसपाळी भेटली त बरं होईन जी ताई," ती मला दर भेटीत सांगायची.

कोर्स हॉस्पिटलच तयार करणार होतं. त्यासाठीचं सॉफ्टवेअर निवडायला समिती नेमली. एचआर मॅडम, आयटीचे साहेब, सल्लागार म्हणून एक निवृत्त प्राचार्य, आणि कामगारांच्या वतीनं मी. कंपन्यांचे विक्रेते येऊन पडद्यावर आपापलं सॉफ्टवेअर दाखवून गेले. त्यात स्लाइड जोडता येत, आवाज भरता येई, मध्ये प्रश्न टाकता येत. सगळीकडे साधारण तेच. मग निवड कशावरून व्हावी? तर मॅडमना हॉस्पिटलचं चिन्ह गोल फिरायला हवं होतं. साहेबांना निळा रंग अजून थोडा गडद हवा होता. प्राचार्यांना पडद्यावर शिकवणाऱ्या टायवाल्या बाहुल्याचे उच्चार शुद्ध हवे होते. बेडपॅन कसं धुवायचं हे टाय लावून सांगणारा माणूस कुठल्या वॉर्डात असतो, हे कुणी विचारलं नाही. चहा मात्र दोनदा आला.

"एकदा मावश्यांच्या फोनवर लावून बघू या," मी म्हटलं. "खाली, चादरी ठेवतात त्या खोलीत."

"अहो, ते सगळ्या स्क्रीनवर चालतं," साहेब म्हणाले. "आपण त्याची काळजी करू नका."

"चालतं हे समजलं. त्या वापरणार कसं ते बघायचंय. पाळी बदलताना सगळ्या तिथे बसतात. नवीन काही आलं की एकीच्या फोनवर पाचजणी बघतात. कळलं नाही तर एकमेकींना विचारतात. नवी बाई कामसुद्धा तशीच शिकते, जुनीच्या शेजारी उभी राहून."

प्राचार्यांनी चष्मा पुसला. "आमच्या काळी याला कॉपी म्हणत."

सगळे हसले. विक्रेता सगळ्यात जास्त हसला आणि त्यानं लगेच पुढचा पडदा उघडला. परीक्षेच्या वेळी फोनचा कॅमेरा चालू राहतो. दुसरा चेहरा दिसला की परीक्षा बंद. मॅडमचे डोळे चमकले. इतका वेळ रंगावरून घासाघीस करणाऱ्या समितीचं त्या एका गोष्टीवर चटकन एकमत झालं. ज्या बायका रोज एकमेकींच्या आधारानं पेशंट उचलतात, त्यांनी एकमेकींकडे बघितलं तर पकडणारं यंत्र आम्ही एकमतानं घेतलं. एकमतानं म्हणजे माझा विरोध इतिवृत्तात न लिहिता.

व्हायचं तेच झालं. मावशीनं कोर्स पूर्ण केला, परीक्षेला बसली, उत्तरं पटापट देत गेली. शेजारची वाकून म्हणाली, "झालं का गं? चहा गार होतोय." फोन लाल झाला.

"म्या त बरोबरच दाबलं होतं जी," मावशी मला म्हणाली. "हे काहून बंद झालं?"

मी मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, "मी काय करू? सिस्टिमनं केलंय."

"सिस्टिम आपणच निवडली."

"फेरपरीक्षेचा निर्णय समिती घेईल. पुढच्या बैठकीत."

पुढची बैठक दिवाळीनंतर होती. फेरपरीक्षा लगेच घ्या, असं पत्रक मी मॅडमच्या दारावर लावलं, त्यांनी ते काढलं, मी परत लावलं. शेवटी बैठक झाली तेव्हा मी कोर्स संपवून परीक्षेपर्यंत आणलेला माझा फोन टेबलावर ठेवला आणि म्हटलं, परीक्षा आपण देऊन बघा. मॅडमनी फोन हातात घेतला. अक्षरं बारीक, चष्मा केबिनमध्ये राहिलेला. "हे काय लिहिलंय हो?" म्हणून त्यांनी फोन साहेबांकडे कलता केला. साहेब वाकले. फोन लाल झाला.

मग प्राचार्य म्हणाले, "उजेड कमी पडला असेल."

साहेबांनी लॅपटॉप उघडला, कुठेतरी आत गेले आणि एका चौकटीतली खूण काढून टाकली. झालं. आता दुसरा चेहरा दिसला तरी परीक्षा बंद होणार नव्हती.

"हे बंद करता येत होतं?" मी विचारलं.

"पहिल्यापासून. आपल्या समितीनं मागितलं म्हणून चालू ठेवलं होतं."

त्यांच्या आवाजात लाज नव्हती. टाइप करताना चूक दुरुस्त करावी तसं ते बोलले, आणि पुढचा विषय घेतला. लॉबीत लावायच्या फलकावर समितीचा फोटो कुठला घ्यायचा, हा तो विषय.

मावशीला सगळा कोर्स पहिल्यापासून करावा लागला. मधूनच परीक्षा उघडत नव्हती. वर्षानुवर्षं हात धुणाऱ्या बाईनं त्या टायवाल्याकडून हात धुणं पुन्हा ऐकलं आणि पहिल्या फटक्यात पास झाली. कायमही झाली. पण दुसऱ्या तुकडीत. दिवसपाळीच्या जागा तोवर भरल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, कुणी निवृत्त झालं की बघू.

दहावीच्या पहिल्या पेपरच्या सकाळी मावशीचा मला फोन आला. रात्रपाळी संपली होती, पण तिची जागा घेणारी बाई आलीच नव्हती आणि वॉर्ड सोडता येत नव्हता. "पोरगी एकटीच गेली जी सेंटरवर. तुमी जाऊन पाहता का?"

मी गेले. फाटकाशी इतर मुलींचे आईबाप पाण्याच्या बाटल्या धरून उभे होते. ती भिंतीला टेकून पुस्तक चाळत होती.

"आईची ड्यूटी सुटली नाही का?" तिनं मला बघून विचारलं.

"सोडवायला बाई आली नाही."

"हं," ती म्हणाली. पुस्तक माझ्या हातात दिलं आणि पॅड घेऊन आत गेली.