आदल्या दिवशीचे अण्णा

माझे सासरे, अण्णा, कुठेही जायचं असलं की आदल्या दिवशी तिथे जाऊन यायचे. लग्न असो, डेंटिस्ट असो, नाहीतर कुणाकडचा सत्यनारायण असो. सत्यनारायणाच्या आदल्या दिवशी बेल वाजली म्हणून यजमानीण पिठाच्या हातांनी दार उघडायची, तर समोर अण्णा. "मी आलेलो नाही," ते शांतपणे सांगायचे. "मी उद्या येणार आहे. आज फक्त पार्किंग बघतोय."

ते मूळचे मिरजेचे. सत्तरच्या दशकात कॅनडात आले आणि पाणीपुरवठा खात्यात इंजिनियर म्हणून रिटायर झाले. मी लग्न होऊन मिल्टनला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी मला गाडीत बसवलं. मला वाटलं, नव्या सुनेला गाव दाखवतायत. त्यांनी गाडी थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीपाशी नेऊन उभी केली. "इथे यायची वेळ आली तर डावीकडचं दार. उजवीकडचं संध्याकाळी बंद होतं." मग परत घरी. माझा गृहप्रवेश हा असा झाला.

"ऐन वेळी माणूस गाढव होतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "म्हणून आदल्या दिवशी शहाणं होऊन घ्यायचं."

आम्हाला मूल होत नव्हतं. चीनमधून दत्तक घ्यायचं ठरवलं तेव्हा अण्णांना कसं सांगायचं याची मी आणि निखिलने आठवडाभर चर्चा केली. शेवटी एकदा जेवताना सांगितलं. अण्णा बराच वेळ ताकभात कालवत बसले. मग म्हणाले, "विमान किती तासांचं?" त्यांची संमती म्हणजे एवढंच.

पुढे तीन वर्षं कागदपत्रं. मग एकदाचा फोटो आला आणि त्यासोबत एक कागद. मुलगी, वय चौदा महिने, वजन आठ किलो दोनशे ग्रॅम. फोटोत ती कॅमेऱ्याकडे अशी बघत होती की जणू फोटोग्राफरचं काहीतरी चुकलंय. निघायला दोन आठवडे उरले असताना निखिल ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसायला गेला, घसरला आणि पाय मोडून बसला. त्याला मांडीपर्यंत प्लॅस्टर. दोघांपैकी एक पालक गेला तरी चालणार होतं, पण मी एकटी जाणं कुणालाच पटेना.

"मी येतो," अण्णा म्हणाले. त्यांनी तिकिटं चार दिवस आधीची काढली. "एका आदल्या दिवसात चीन उरकणार नाही," असा त्यांचा हिशोब.

अशा रीतीने एका मार्च महिन्यात सून आणि सासरे नानचांगला पोचले. हवा दमट, बारीक पाऊस, आणि रस्त्यावर आवाज न करता अंगावर येणाऱ्या विजेच्या स्कूटर. त्या फुटपाथवरूनही यायच्या. आमची गाइड मिस लिन अगदी तरुण आणि फार हसतमुख होती. तिने सांगितलं, तुम्ही आराम करा, चौथ्या दिवशी बस येईल आणि तुम्हाला ऑफिसात नेईल. तिथेच बाळं आणतात.

"बस बिघडली तर?" अण्णांनी विचारलं.

मिस लिन हसली. तिला वाटलं, आजोबा विनोदी आहेत.

पहिल्याच सकाळी आम्ही चालत ऑफिस शोधायला निघालो. अण्णा वहीत नकाशा काढत होते. रस्त्यांच्या पाट्या वाचता येईनात, तेव्हा त्यांनी खुणा लिहून घेतल्या: पिवळी इमारत, सरळ. भाजलेली बदकं टांगलेलं दुकान, डावीकडे. दोन हजार शंभर पावलांवर ऑफिस सापडलं. अण्णा खूश. दुपारी वेळ मोजायला म्हणून तोच रस्ता पुन्हा घेतला आणि आम्ही तासभर हरवलो.

"अण्णा, बदकं विकली गेली असणार," मी म्हटलं.

अण्णांनी वहीतली बदकं खोडली. "चूक माझी आहे. यापुढे स्थावर तेवढंच धरायचं."

संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत नूडल्स खाताना मला राहवेना. इतके दिवस मनात होतं ते बोलून टाकलं. मुलं माझ्याकडे येत नाहीत. मिल्टनच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणाचंही बाळ माझ्या हातात दिलं की ते भोकाड पसरतं, आणि त्याची आई "झोप आलीय हो त्याला" म्हणत घाईने परत घेते. नणंदेची दोन्ही मुलं माझ्या मांडीवर रडूनच मोठी झाली. "अण्णा, ती माझ्याकडे आलीच नाही तर?"

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "वजन किती लिहिलंय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तांदळाच्या दुकानात उभे होतो. इंग्रजीचा उपयोग होत नाही असं दिसल्यावर अण्णा सरळ मराठीवर आले. "ताई, आठ किलो दोनशे. वर नको, खाली नको." दुकानदारीण बाईला आकडे बोटांवर कळले, पण दोनशे ग्रॅमसाठी हा म्हातारा पुन्हापुन्हा मूठभर तांदूळ काढतो का आणि घालतो का, ते काही कळलं नाही. अण्णांनी कापडी पिशवीचं तोंड शिवून घेतलं. माझ्या आईने नाशिकहून पाठवलेली कुंची पिशवीला घातली आणि पिशवी माझ्या हातात दिली.

"आता ही खाली ठेवायची नाही. हाताला सवय झाली की अंग ताठ राहत नाही. पोराला ताठ अंग कळतं."

"अण्णा, लोक बघतायत."

"बघू देत. त्यांना आपण कुठे पुन्हा भेटणार आहोत!"

दोन दिवस मी नानचांगमध्ये तांदूळ कडेवर घेऊन हिंडले. लिफ्टमध्ये तांदूळ, नदीकाठी तांदूळ, जेवताना मांडीवर तांदूळ. अण्णा मागून सूचना देत. "मान! मानेला हात!" मी वॉशरूमला गेले तरी ते पिशवी स्वतः धरून बाहेर उभे राहत, आणि मी परत येईतो नकळत तिला थोपटत असत.

तिसऱ्या दिवशी तळ्याकाठच्या बागेत आम्हाला आज्ज्यांनी गाठलं. चांगल्या सहा-सात जणी होत्या. त्या गावात बाळाला पुरेसं गुंडाळलं नाही तर कुणीही आजी भर रस्त्यात तुम्हाला झापू शकते, हे आम्ही दोन दिवस पाहत होतो. एकीने पुढे होऊन कुंची चाचपली आणि कापड पसंत पडल्यासारखी मान हलवली. मग बाळाचं तोंड बघायला तिने कुंची वर केली.

आत तांदूळ.

सगळ्यांनी वाकून पाहिलं. मग ज्या हसत सुटल्या! एक तर बाकावरच बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अण्णांनी मात्र खिशातून फोटो काढला आणि त्यांच्यापुढे धरला. फोटोकडे बोट, माझ्याकडे बोट, मग एक बोट वर, म्हणजे उद्या.

हसणं थांबलं. फोटो सगळ्यांच्या हातांतून फिरला. मग त्या पहिल्या आजीने माझ्याकडून पिशवी घेतली, माझ्या धरण्याची नक्कल करून दाखवली आणि जोरजोरात मान हलवली: असं नाही. तिने आपल्या पाठीवरचा लाल झोळणा सोडला, तांदूळ माझ्या पाठीवर ठेवले आणि पट्टे छातीवर फुली करून आवळले. दोनदा सोडवून माझ्याकडून बांधून घेतलं. झोळणा परत द्यायला गेले तर घेईना. तिने कबुतरांमागे धावणाऱ्या नातवाकडे बोट दाखवलं. त्याला आता लागत नव्हता.

परतताना अण्णा एकदम म्हणाले, "मी पूर्वी असा नव्हतो."

मी पाठीवर तांदूळ घेऊन ऐकत राहिले.

"तुझ्या सासूबाईंच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा मी गाडी उजवीकडच्या दाराशी नेली. ते बंद होतं. वळसा घालून यायला सहा मिनिटं गेली. डॉक्टर म्हणाले, सहा मिनिटांनी काही फरक पडला नसता." थोडं पुढे जाऊन त्यांनी पावलं मोजायला सुरुवात केली, आणि मीही मनात मोजू लागले.

चौथ्या दिवशी बस आली. बिघडली नाही. ऑफिसात एका बाईंनी नाव पुकारलं आणि तीन स्वेटर घातलेली ती माझ्या हातात आली. तिने मला एकदा नीट पाहिलं. मग असा टाहो फोडला की शेजारची तीन शांत बाळंही सुरू झाली. ती मागे कमान करी, माझी मान ढकली, दाराकडे हात पसरी. मी मानेला हात दिला, अंग सैल ठेवलं. पण तांदूळ कधी रडले नव्हते. खेळणं झालं, बिस्कीट झालं, मिस लिनचं गाणं झालं. अर्धा तास झाला. मीही रडायला लागले होते. मला वाटलं, झालं, हिलाही कळलं.

अण्णांनी वेळ मोजायचं घड्याळ बंद करून खिशात ठेवलं. "मेधा, पाठीवर."

गाठ माझ्या हातांना ठाऊक होती. मी लाल झोळण्यात तिला बांधलं आणि चालू लागले. कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाठीवरून तिला माझं तोंड बघावं लागत नव्हतं. तिला कुणीतरी आजवर असंच पाठीवर वागवलं असणार. चौथ्या फेरीला रडणं हुंदक्यांवर आलं. सातव्या फेरीला माझ्या मानेवर काहीतरी ऊन ऊन टेकलं. तिचा गाल होता तो. मी तशीच फिरत राहिले. अण्णा भिंतीशी उभे राहून रुमालाने चष्मा पुसत होते, आणि चष्मा काही पुसून होईना.

दुसऱ्या दिवशी आम्ही ते तांदूळ बागेतल्या आजीला नेऊन दिले. तिने पिशवी कडेवर घेऊन मैत्रिणींना मिरवून दाखवली.

मुलीचं नाव रेवा. बारशाला मंडळातल्या एक काकू म्हणाल्या, "गोड आहे हो, पण स्वभाव कुणाचा घेईल कोण जाणे." अण्णा पेढा खात होते. "आमच्याकडचा घेऊ नये एवढंच बघू," म्हणाले.

गेल्या पानगळीत अण्णा गेले. शहाऐंशी वर्षांचे होते, झोपेत गेले. अंत्यविधीच्या आदल्या दुपारी घर माणसांनी भरलेलं, आणि रेवाचा पत्ता नाही. गाडीही नाही. सतरा वर्षांची पोर, लायसन्स नवं, फोन उचलेना. निखिल शोधायला निघणार तेवढ्यात ती दारात, बुटांना चिखल.

"कुठे होतीस?"

"क्रेमेटोरियमला. फ्रंट गेट क्लोज्ड आहे, आई, कन्स्ट्रक्शन चाललंय. उद्या मागून जायचं. नाइन्टीन मिनिट्स. आय डिड इट ट्वाइस."

"अगं, जीपीएस असतो ना!" निखिल म्हणाला.

"ऐन वेळी एव्हरीबडी इज अ गाढव, बाबा." आणि ती माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. मी तिच्या मानेला हात दिला.

दुसऱ्या दिवशी गाडी तिनेच चालवली. फ्युनरल होमची गाडी अण्णांना घेऊन परस्पर तिथे येणार होती. पुढच्या गेटपाशी मंडळाच्या गाड्यांची रांग अडकलेली दिसली. रेवा तिकडे न बघता मागच्या रस्त्याला वळली. बरोबर एकोणीस मिनिटं लागली. पार्किंगमध्ये आमची एकच गाडी होती.

अण्णासुद्धा अजून यायचे होते.