हलणारा दात आणि लग्नातला विडा

समस्त वाचकांनी सावरून बसावे. ज्या एका दातावर दोन घराण्यांची अब्रू टांगली होती, त्याची हकिकत मी आज जाहीर करतो आहे. दात वरचा, समोरचा, माझाच.

लग्नाच्या आदल्या वर्षी दात घासताना थुंकीत रक्त दिसू लागले. आई म्हणाली, "उष्णता हाये तुले. घासू नको काही दिवस." मला वरदानच मिळाले! राखुंडी सुटली ती सुटलीच. मग भाकरी चावतानाही रक्त येऊ लागले, हिरड्या वांग्यासारख्या जांभळ्या होऊन फुगल्या आणि एका सकाळी समोरचा दात चक्क डुलला.

तेवढ्यात शिरपूरची मुलगी ठरली. पाहायला गेलो तेव्हा ती एकदाही ओठ उघडून हसली नव्हती. वडील खूश. "पोरगी मोठी मर्यादेची हाये!"

आमच्याकडे लग्नात विडा तोडतात. नवरदेवाने विडा दातांत धरायचा, नवरीने दुसरे टोक दातांनी ओढून तोडायचे, आणि सारा मांडव आरडाओरडा करतो. लग्न ठरताच, माझ्या दाताचे ठाऊक असलेली आत्या कानाशी येऊन म्हणाली, "बाबू, तिनं जोरानं ओढलं तं विड्यासंगं तुहा दातही जाईन बरं!"

मी आमच्या जऊळक्याहून रेल्वेने तडक वाशीम गाठले. तिथल्या दातांच्या डॉक्टरांनी हिरडी दाबून पाहिली.

"दात चांगला आहे हो, हिरडी बिघडली. पऱ्हाटीच्या बुडची माती वाहून गेली तर झाड उभं राहील का? घाण साचली म्हणून रक्त येतं, आणि तुम्ही रक्त येतं म्हणून घाण काढत नाही!"

दातांवरचे कीटण त्यांनी खरवडले तेव्हा मी सगळे देव आठवले. रोज निंबाच्या काडीने हळूहळू घासायचे, मिठाच्या पाण्याने गुळण्या करायच्या. "रक्त थांबेल. पण गेलेली माती परत येत नाही. या दाताची हमी मी देत नाही."

लग्नापर्यंत रक्त थांबले, तोंडाचा वासही गेला. दात मात्र जरासा डुलतच राहिला.

मांडवात विडा आला. समोरचा दात वाचवायला मी विडा बैलासारखा दाढेत धरला. आत्याने डोळे मिटले. नवरी वाकली, टोक पकडले आणि असा हिसका दिला की विडा फाटकन तुटला. मी घाबरत घाबरत जीभ पुढे फिरवली. दात जागेवर!

मी विजयी मुद्रेने नवरीकडे पाहिले, तर ती तोंडावर हात धरून उभी. मग मर्यादा, शालू, वऱ्हाडी सगळे विसरून ती आपल्या आईकडे वळून ओरडली, "माय वं! दात हालला माहा!"