घशातले भाऊबंद

मुलीचा घसा बघायचा मला नाद लागला होता आणि तिला त्याचा वैताग आला होता. शाळेतून आली की दप्तर उतरवायच्या आत मी चमचा आणि बॅटरी घेऊन उभी. ती म्हणायची, “आई, रोज तेच तर दिसतं.” मला तेच दिसायला हवं होतं.

आदल्या वर्षी साध्या घसादुखीचं निमित्त होऊन तिला सांध्यांचा ताप आला होता. आज गुडघा सुजायचा, उद्या घोटा. सांधे सुधारले, पण हृदयाची एक झडप नीट मिटेनाशी झाली. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सुरू झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, घसा पुन्हा धरता कामा नये, दुसऱ्या तापात झडप कामातून जाईल. मी अंबाजोगाईत सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे. हा ताप आणणारा, मण्यांच्या माळेसारखा दिसणारा जंतू फळ्यावर काढून पोरांकडून पाठ करून घ्यायचे. कळलं की भीती जाते म्हणतात, ते साफ खोटं आहे. ज्याला कळत नाही तो देवावर हवाला ठेवून झोपतो तरी. माझ्या डोळ्यांपुढे झोपेतही जंतूच्या माळा यायच्या.

आणि त्या हिवाळ्यात एक दिवस चमच्यापलीकडे तो लालभडक घसा दिसलाच. घाईत कापसाची काडी आधी तिच्या जिभेलाच लागली. धनगराकडून आणलेल्या मेंढीच्या रक्ताच्या थाळ्या जंतू वाढवायला मी स्वतः ओतायचे; त्यातल्या एकीवर तिच्या घशातलं पुसून लावलं. दुसऱ्या सकाळी थाळीवर बारीक ठिपके होते आणि प्रत्येकाभोवती रक्त विरघळून आरपार दिसत होतं. ही त्याच जंतूची खूण; असल्या थाळ्या मी शेकड्यानं पाहिल्या होत्या. लेकीची मी झाकण लावून पुन्हा उघडून पाहिली.

औषध लगेच सुरू केलं. पुढचे काही आठवडे मी सकाळी ती उठायच्या आत पांघरूण सारून तिचे गुडघे चाचपायचे. सुजले नाहीत. पण एक प्रश्न मला खात होता. जुनाच जंतू परत आला असेल, तर इंजेक्शनं पाण्यात जात होती. नवा असेल, तर तो कुणाकडून तरी आला होता आणि पुन्हा येणार होता.

नुसत्या थाळीवर हे कळत नाही. हा जंतू नावाला एकच, पण त्याच्या अंगावर प्रथिनाची लव असते आणि ती प्रत्येक वाणाची वेगळी. त्या लवेचं जनुक अक्षर न् अक्षर वाचलं की वाण ओळखता येतो. एकाच आडनावाची पन्नास घरं असावीत तसं ते भाऊबंदांचं गाव आहे. आणि मेख अशी, की शरीर ज्या वाणाशी लढायला शिकतं, त्याच्यापुरतंच शहाणं होतं. दुसरा वाण आला की पाटी कोरी. गल्लीत केबल टीव्हीच्या तारा आल्या होत्या, पण जनुक वाचणं आमच्याकडे कुणी पाहिलंही नव्हतं. माझ्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेत ते करायची.

घरात माझा संशय एकाच माणसावर होता. माझे सासरे, अप्पा. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्यांची आडत होती. सकाळी आंघोळ, कपाळाला विभूती, मग डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेऊन पूजा. लिंगाला दाखवलेल्या ताटातला पहिला घास ते स्वतः घ्यायचे आणि त्याच बोटांनी दुसरा नातीला भरवायचे. तो प्रसाद, त्याला उष्टं म्हणायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती. माझीही नव्हती. पण थंडीभर अप्पा खाकरायचे आणि माझा जीव त्या दुसऱ्या घासात अडकलेला असायचा.

मी सगळ्यांचेच घसे तपासायला घेतले, म्हणजे एकट्या अप्पांना वाटायला नको. माझ्या थाळीवर काही वावगं नव्हतं. अप्पांची आणि नवऱ्याची थाळी मात्र जवळजवळ कोरीच. चांगल्या माणसाच्या घशातही दहा जातीचे जंतू सुखानं नांदत असतात. इतके लख्ख घसे मी जन्मात पाहिले नव्हते.

“अप्पा, काडी फिरवायच्या आधी काही घेतलं होतं का?”

“न्हाई की. तुरटीच्या पान्यानं गुळन्या केल्या अन् वरून लवंगा चावल्या. सून तोंडात बघनार, वास मारला तर कसं दिसतंय? तुज्या नवऱ्यालाबी करायला लावल्या.”

मला हसू फुटलं. दुसऱ्या दिवशी दोघांनाही अंथरुणातच गाठलं. नवऱ्याच्या घशात काही निघालं नाही. अप्पांच्या थाळीवर तेच ठिपके होते, तसेच आरपार.

अप्पांनी माझा चेहरा वाचला आणि त्या दिवसापासून भरवणं बंद केलं. पोरगी सवयीनं ताटाशी बसून तोंड उघडायची. ते म्हणायचे, “तुज्या हातानं खा माय, मोटी झालीस.”

मुलीचा आदल्या वर्षीचा जुना जंतू मी जपून ठेवलेला होता. तो, नवा आणि अप्पांचा, तिन्ही टीपकागदावर वाळवून मैत्रिणीकडे पाठवले. खरं सांगायचं तर नवा आणि अप्पांचा एकच निघावा असं मला वाटत होतं. म्हणजे दार सापडलं असतं आणि मी ते लावून घेतलं असतं.

फोन आला. “तीन जंतू, तीन वाण,” मैत्रीण म्हणाली. “एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही.”

म्हणजे जुना उलटला नव्हता आणि अप्पांनीही दिला नव्हता. शाळेत, बाजारात, एसटीत, कुठंही कुणीतरी शिंकलं होतं. घराला चार भिंती असतात. या भीतीला एकही नव्हती.

अप्पा बाजेवर टेकून ऐकत होते. “माज्यामुळं न्हाई न्हवं?”

“नाही अप्पा.”

त्यांनी डोळे मिटून कपिलधारच्या समाधीच्या दिशेनं हात जोडले. मग विचारलं, “मग आता भरवू का?”

मला हो म्हणायचं होतं. पण त्यांच्या घशातला वाण तिच्या शरीरानं पाहिलेलाच नव्हता. आजारी न पडता जंतू नुसता घशात बाळगणाऱ्या माणसापासून धोका कमी, असं पुस्तकात आहे. मी तेच शिकवायचे. त्या क्षणी मला ते पुस्तक पुरलं नाही.

“तुमचं औषध होऊ द्या आधी,” मी म्हटलं.

“म्हंजी आजवर माज्यामुळं झालं न्हाई, पन उद्या हुईल.”

त्यांनी औषध मुकाट पूर्ण केलं. पुन्हा काडी फिरवली, गुळण्यांशिवाय. घसा स्वच्छ होता. मी धावत घरी येऊन सांगितलं, अप्पा, आता बिनधास्त भरवा.

“आज न्हाई दिसला,” ते म्हणाले. “उद्याचं तू सांगतीस का?”

त्यानंतर त्यांनी तिला एकदाही भरवलं नाही. पूजा झाली की ते तिचं ताट आपल्या ताटाशेजारी मांडून घ्यायचे. ती आपल्या हातानं घास घेऊन गिळायची, आणि आम्ही दोघं तिच्या गळ्याकडे बघत बसायचो.