हनोईत फोन गेला आणि आईने ओटीपी दिला नाही

घरात सगळ्यांची धावपळ घर बदलायची होती आणि मी व्हिसाचा फॉर्म भरत बसलो होतो. बाबा भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर होऊन राहिले होते, म्हणजे सेक्टर 10 चं कंपनीचं क्वार्टर सोडावं लागणार. जवळच उतईला आमचा प्लॉट आहे, भिंती उभ्या झाल्या होत्या, स्लॅब बाकी होता. अशा वेळी शहाणा मुलगा सिमेंटच्या गाडीमागे उभा राहतो. माझ्याने ते होत नाही. एका जागी आठवडा काढला की माझे तळपाय खाजवायला लागतात. मरोद्याच्या माझ्या मित्राने, बंटीने, हनोईचं स्वस्त तिकीट दाखवलं आणि घरी विचारायच्या आधीच मी हो म्हणून मोकळा झालो.

आई एवढंच म्हणाली, "स्लॅब टाकाच्या आंधी वापस ये."

एक गोष्ट इथेच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. स्लॅबचे पैसे माझ्या खात्यात होते. आईने डबे करून, भिशी लावून जमवलेले. ठेकेदाराला, सळईवाल्याला ऑनलाइन पैसे मीच पाठवतो, म्हणून सगळं माझ्याच खात्यात. आमच्या गल्लीत बहुतेक घरी असंच आहे. ज्या पोराला मोबाइल चालवता येतो, तो घरचा खजिनदार.

रोमिंगचे पैसे वाचवायचे म्हणून माझं सिम काढून आईच्या बटनवाल्या फोनमध्ये दुसरं सिम म्हणून टाकलं आणि जायच्या आधी तिला लेक्चर दिलं. मेसेजमधला नंबर कोणालाच सांगायचा नाही. बँकेचा फोन आला तरी नाही, पोलिसांचा आला तरी नाही. घरात कोण आहे विचारलं तर मुलगा घरीच आहे म्हणायचं. ती तांदूळ निवडत होती. ऐकून राहिली की नाही, कळलं नाही.

दुर्गहून हावड्याची गाडी, तिथून कोलकात्याचं विमानतळ, आणि सकाळी हनोई. ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो, पंचवीस डॉलर लागतात, पण आठवडाभर आधी भरा. जुन्या शहरात हॉस्टेलचा बेड सहाशे रुपयांच्या आत मिळतो. रस्ता ओलांडायचं तंत्र मला लगेच जमलं. थांबायचं नाही, पळायचं नाही, सरळ चालत राहायचं, स्कूटर आपोआप बाजूने जातात. बंटीला जमेना. तो प्रत्येक चौकात माझ्या शर्टाला लटकायचा.

नाश्त्याला फो, म्हणजे पातळ रश्श्यातल्या तांदळाच्या शेवया. एका वाटीचे दीडेकशे रुपये. शाकाहारी असाल तर तसं मोबाइलवर व्हिएतनामीत लिहून ठेवा आणि दाखवा. मी चिकनवाला खाल्ला आणि तलावाकडे जायचं ठरवून निघालो. मध्येच एक गल्ली दिसली, तिथे नुसते पत्र्याचे डबे ठोकत होते, तिकडे वळलो. मग पिंजरे विकणारी गल्ली. तलाव राहिलाच. दुपार व्हायच्या आत आम्ही त्या गल्लीत पोचलो जिथून रेल्वे घरांच्या दारासमोरून जाते.

दोन्ही बाजूंना कॅफे आणि मध्ये रूळ. कधी कधी पोलीस आत सोडत नाहीत, कॅफेवालेच येऊन घेऊन जातात. अंड्याची कॉफी मागवली. ऐकून तोंड वाकडं होतं, पण चव गोड सायीसारखी आहे. कॅफेच्या फुकट वायफायवर मी बँकेचं पान उघडून किती उरलं ते बघत होतो. फोन स्टुलावर ठेवला, तसाच उघडा.

आता भिलाईच्या प्लांटमध्ये रेल्वेचे रूळ बनतात, त्यामुळे तिथल्या माणसाला एक रोग असतो. रूळ दिसला की तो वाकून बाजूचा छाप वाचतो, आपल्याकडचा आहे का म्हणून. बाबा प्रत्येक स्टेशनवर हे करायचे आणि आई लाजून दुसरीकडे बघायची. मीही वाकलो. हाताने धूळ पुसली, अक्षरं अनोळखी निघाली. थोडं पुढे जाऊन दुसरा बघितला. वळलो तेव्हा स्टुलावर कॉफी होती, फोन नव्हता.

बंटी फोटो काढत होता. त्याला काहीच माहीत नव्हतं. "अबे इधर ही होगा, देख," म्हणत त्याने टेबलाखाली वाकून पाहिलं. मी पाहिलंही नाही. मला फक्त गॅलरी आठवत होती. कार्डाच्या पुढच्या बाजूचा फोटो, मागच्या बाजूचा फोटो आणि पिन लिहिलेला एक कागद, त्याचाही फोटो. विसरू नये म्हणून. आणि बाहेरच्या वेबसाइटवर कार्ड वापरलं तर ओटीपी दर वेळी मागतातच असं नाही. परदेशातला वापर मीच चालू करून आलो होतो, लिमिट पूर्ण ठेवून.

हॉस्टेलपर्यंत कसा आलो आठवत नाही. बंटीच्या फोनवर बँकेत लॉगिन केलं, तर नवीन फोन म्हणून ओटीपी मागितला. तो गेला सेक्टर 10 ला, आईच्या फोनवर. हॉस्टेलच्या मालकिणीने तिचा फोन दिला आणि मी आईचा नंबर लावला. बंटी कानाशी उभा होता.

"हॅलो मम्मी, मैं बोल रहा हूँ. फोन चोरी हो गया. एक मैसेज आया होगा, उसका नंबर बताओ जल्दी."

पलीकडून, "कौन?"

"मैं, मम्मी. निखिल."

"मेरा बेटा अंदर सो रहा है," ती म्हणाली आणि कट.

बंटी हसायला लागला. "आंटी ने तो तेरे को सुला दिया बे." मला हसू येत नव्हतं. तिकडे कोणी माझे फोटो चाळत असेल आणि इकडे मला माझ्याच घरात झोपवलं होतं. तेव्हा डोक्यात आलं. मित्र बाजूला असले की मी आईशी हिंदीत बोलतो, शाळेपासून. पण ते समोरासमोर. अनोळखी नंबरवरून, हिंदीत, घाईत नंबर मागणारा पोरगा म्हणजे मी तिला सांगितलेला चोर हुबेहूब.

परत लावला. "आई, मी आहो, निख्या. ठेवू नको."

"तं मघाशी हिंदीत कावून बोलून राहिला होता?"

"बंटी बाजूले होता."

"बंटी बाजूले असला म्हणून माय बदलते काय?"

"आई, फोन चोरी गेला. कार्डाचे फोटो त्याच्यात आहे. तुये स्लॅबचे पैसे आहे. नंबर सांग, मी खातं बंद करतो."

मला वाटलं आता सांगेल.

"नाही सांगत."

"आई, मीच आहो ना."

"तू आहे ते समजलं मले. तुया मागं कोन उभा आहे ते मले दिसते काय? चाकू लावून कोनी बोलायला लावत असंन तं?" बाजूला भांडं आदळल्याचा आवाज आला. "सिम माह्याजवळ आहे ना? मंग मीच बंद करतो. तू तिथंच बस."

आणि फोन ठेवला. तिच्या फोनवरून बाहेरदेशी फोन लागत नाही, म्हणजे थोड्या वेळाने मलाच लावायचा होता. मी हॉस्टेलच्या पायरीवर बसलो. समोरून टोपल्या घेऊन बायका जात होत्या, कोणी अननस कापत होतं, आणि मला उठून कुठेच जावंसं वाटत नव्हतं. बंटी अननस घेऊन आला, खाल्लं नाही गेलं. उतईच्या भिंती डोळ्यांपुढे येत होत्या, वरून उघड्या.

पुन्हा लावला तेव्हा ती दमलेली वाटली, पण खुश.

"पासबुकावरच्या नंबरले लावला, तिथल्या पोरीनं कार्ड बंद केलं. मंग बाबाच्या गाडीवर बँकेत गेलो. मॅनेजर जेवत होता. म्हटलं, साहेब, पोळी थंडी झाली तं गरम होते. ऑनलाइन बी बंद केलं त्यानं. आता तू बी काढू शकत नाही." मग म्हणाली, "बंटीजवळ पैसे आहे ना?"

होते. पुढे आम्ही निन्ह बिन्हला गेलो. बसने दोन-अडीच तास. भातशेतांमधून नाव जाते, नावाडी पायाने वल्ही मारतात, डोंगर पाण्यातूनच उगवल्यासारखे. सुंदर आहे, जाच. मी मात्र प्रत्येक गुहेत डोक्यात तोच हिशोब घेऊन शिरलो.

परत आल्यावर बँकेत गेलो. कार्ड बंद झाल्यानंतर कोणीतरी दोनदा वापरून पाहिलं होतं, दोन्ही वेळा नाकारलं गेलं. म्हणजे आईचा फोन जरा आधी पोचला.

जाणार असाल तर हे करा. फिरायचं खातं वेगळं ठेवा आणि त्यात ट्रिपपुरतेच पैसे टाका. परदेशी वापराचं लिमिट लागेल तेवढंच ठेवा. सिम सोबतच न्या, मेसेज येण्यापुरतं रोमिंग घ्या. बँकेचा नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा. कार्डाचा फोटो, पिनचा फोटो, नाही म्हणजे नाही. आणि फुकट वायफायवर बँक उघडू नका, कॉफी कितीही चांगली असो.

आईने तिचे पैसे माझ्याकडून स्वतःच्या खात्यात टाकून घेतले, तिच्याच नंबरवर. मला लागलं ते. ती म्हणाली, "राग नाही बापा. तुया पाय घरात टिकत नाही, अन् स्लॅबले तं एकाच जागी राहा लागते." ठेकेदाराचे पैसे आता ती नव्या मोबाइलवरून स्वतः पाठवते. मी फक्त एकदा दाखवलं.

स्लॅब टाकून झाला. त्यावर पाणी मारायचं काम माझ्याकडे आलं आहे. सकाळी उतईला जातो, पाइप धरून वर उभा राहतो, आणि पूर्ण भिजेपर्यंत हलत नाही. आई खालून विचारते, कोपऱ्यात पोचलं काय. पोचलं म्हणतो, आणि परत एकदा मारतो.