तिच्या हातची चकती
मुलगी गेल्यावर कॉलेजातून तिची पिशवी घरी आली. जेवणाचा डबा, ओढणी, आणि प्लास्टिकच्या पाकिटात शर्टाच्या बटणाएवढी एक काळी चकती. ओढणी बायकोने कपाटात ठेवली. चकती मी घेतली.

मी चौथी शिकलो, तीही मास्तरांनी ढकललं म्हणून. पण फेराइट, म्हणजे चुंबकाची काळी पूड, मला कोणी शिकवू नये. अंधेरीच्या कारखान्यात लाउडस्पीकरची लोहचुंबकं दाबण्यात माझा जन्म गेला. नाक शिंकरलं की रुमाल काळा. पोरगी त्याच काळ्या पुडीत पीएचडी करायला गेली. म्हणायची, “बाबा, तुमची पूड नि माझी पूड एकच. माझी फक्त डोळ्याला दिसणार नाही इतकी बारीक, आणि त्यात कोबाल्ट. आमटीत मीठ घालतो ना, तेवढंच.” ती पूड दाबून चकती करायची, भट्टीत भाजायची, दोन्ही अंगांना चांदी फासून वीज लावायची आणि ती किती वीज धरून ठेवते ते मोजायचं. कोबाल्ट वाढवलं की तो आकडा कसा बदलतो, यावर तिने लेख लिहून पाठवला. मग ताप आला आणि आठवड्यात सगळं आटोपलं.

दिवाळीनंतर तिच्या पीएचडीच्या बाई चारकोपला आमच्या घरी आल्या. लेख परत आला होता. लेखात एक्स-रे होता तो भाजण्याआधीच्या पुडीचा. भाजल्यावर आतली रचना बिघडली नाही कशावरून, असं छापणाऱ्यांचं म्हणणं.

“मग काढा की एक्स-रे,” मी म्हणालो.

“चकती कुटावी लागेल, काका. पुडीचाच काढतात.”

“नवी बनवा. मुंबईतलं कोबाल्ट संपलं काय?”

“नवी बनवली तर ती माझी होईल. तिने आकडे घेतले ते हिच्यावर. बाकीच्या मोडून झाल्या. ही नाही मिळाली तर लेख मागे घ्यावा लागेल.”

मी कप उचलून आत गेलो तो बाहेर आलोच नाही. बाई बसून बसून गेल्या.

बायको म्हणाली, “देवन टाका. ठेवन काय लोणचा घालतलास?”

“मग तू तिची ओढणी दे फाडायला.”

 सकाळी चहाबरोबर तिने ओढणी माझ्यापुढे आणून ठेवली. “ही घेवा. फाडा.”

मी चकती खिशात घातली आणि घाटकोपरला कॉलेजात गेलो. म्हटलं, कुटायची तर माझ्यादेखत.

बाईंनी ब्लेडने चांदी खरवडली, चकती खलात ठेवली आणि बत्ता माझ्यापुढे धरला. “तुम्ही?”

“मी कशाला? तुमचं काम तुम्ही करा.”

पहिल्या ठोक्याला ती फुटली नाही. दुसऱ्याला दोन तुकडे झाले. आतूनही काळीच. आत दुसरं काय असणार होतं, पण मी वाकून बघितलं खरं.

दुपारपर्यंत मशीन चाललं. बाईंनी जुन्या एक्स-रेच्या कागदावर नवा कागद धरून उजेडात दाखवला. रेघेच्या डोंगरावर डोंगर बसला होता, एकही जास्तीचा नाही.

“बिघडलं नाही काही, काका. लेख जाईल.”

“नीट भाजली होती तिने,” मी म्हणालो.

पूड त्यांनी बाटलीत भरून कुलपात ठेवली. पुन्हा कोणी शंका काढली तर लागेल म्हणाल्या. खलाला थोडी चिकटली होती ती कापसाने पुसली आणि कापूस केराच्या डब्यात टाकला. त्या हात धुवायला गेल्या. मी डब्यापाशी उभा होतो. कापूस वरच दिसत होता. वाकलो नाही.