बारा ते बारा दहा

थांबाकाकांचं खरं नाव ऑफिसात कुणाच्याच तोंडी नव्हतं. काहीही विचारा, पहिला शब्द "थांबा." मला त्याचा असा संताप यायचा म्हणून सांगू! नर्सिंग कॉलेजचा मेल सर्व्हर सांभाळणारे आम्ही दोघंच. ते निवृत्तीला टेकलेले, आणि मी डोक्याने तापट, हाताने त्याहून उतावळी.

त्या दिवशी प्रवेश अर्जांची मुदत संपत होती. अर्ज मेलने, संध्याकाळी पाचच्या आत. बारा वाजून दहा मिनिटांनी डिस्क भरल्याची सूचना आली. काका जेवायला गेलेले. बघते तर लॉगच्या शेकडो फाइली. म्हटलं, हा कचरा हवाय कुणाला? दिल्या उडवून. अहो, कसला कचरा! आलेला मेल आधी त्या फाइलींत उतरतो आणि मग डेटाबेसमध्ये जातो. डेटाबेसने मान टाकली. सगळ्यांचे मेल बंद, आलेले अर्जही त्यातच अडकलेले.

काका आले तेव्हा मी एका दमात सगळं सांगून टाकलं. आता ओरडतील, म्हटलं. ते "थांब" म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

दर तासाला ते डिस्कचा स्नॅपशॉट घ्यायचे, म्हणजे त्या क्षणी डिस्क जशी असेल तशी तिची प्रत. बाराचा स्नॅपशॉट होता. मॅनेजर डोक्यावर येऊन उभे. "टाका की तोच जागेवर, वाट कसली बघताय?" काका ढिम्म. बिघडलेला डेटाबेस त्यांनी जसाच्या तसा बाजूला ठेवला, स्नॅपशॉट वेगळ्या जागी उघडला, माझ्याकडून त्यातले जुने-नवे मेल उघडवून खात्री केली आणि मगच जागेवर आणला. तोवर अडीच वाजले. सगळे मेल परत! मी नाचायचीच बाकी होते.

"बारा ते बारा दहाचं काय?" काकांनी विचारलं.

बाहेरचा मेल आमच्याकडे आधी दुसऱ्या एका मशीनमधून येतो. बारा दहानंतरचे मेल तिथेच साठून राहिले होते, ते आपोआप उतरले. तिथल्या नोंदीत त्या दहा मिनिटांतले तीन अर्ज दिसले. मजकूर नाही, नुसते पत्ते. काकांनी प्रवेश परीक्षेला बसलेल्यांच्या यादीतून तिघींचे फोन नंबर शोधले आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

"लाव फोन. आणि सर्व्हर बिघडला म्हणू नकोस. जे झालं ते सांग."

दोघींनी लगेच अर्ज पुन्हा पाठवले. तिसरी काही फोन उचलेना. यादीत तिचं वय चौतीस, आणि पस्तिशी गाठली की प्रवेश नाही. म्हणजे हे तिचं शेवटचं वर्ष. प्राचार्यबाईंकडे धावले. त्या म्हणाल्या, मुदत वरून ठरलेली, एक मिनिटही वाढणार नाही. मी दर पाच मिनिटांनी फोन लावत होते आणि स्वतःला शिव्या घालत होते.

चार वीसला तिने उचलला. पॅकिंगच्या कारखान्यात कामाला होती, फोन लॉकरमध्ये. "माझ्या हातून तुमचा अर्ज गेला," मी म्हटलं. "पाचच्या आत परत पाठवा, हात जोडते."

"अहो, तुम्हाला काही वाटतं का? दोन वर्षं पोरांना झोपवून अभ्यास केलाय मी!" मग जे काही तिने सुनावलं ते मी निमूट ऐकलं. मी! काका शेजारी बसून होते, उठले नाहीत.

चार एक्केचाळीसला अर्ज आला. वर एक ओळ होती: "ताई, फार बोलले, मनावर घेऊ नका. तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधी कळलंच नसतं. उपकार झाले."

उपकार म्हणे! मी ढसाढसा रडले. काकांना म्हटलं, "हे माझं नाही, तुमचं आहे."

"थांब," ते म्हणाले. "आधी तिला अर्ज मिळाल्याचं कळव."