दुपारचे हात

मी भाकरी विकत आणते, हे आमच्या घरात पाच महिने कळलं नाही. घरात माणसं तरी किती? मी आणि नवरा. मुलगी शिकायला लातूरला. पण चोरी ती चोरीच. गल्लीच्या टोकाला एक बाई खानावळीला भाकरी करून देते. नवरा सकाळी फिरायला गेला की तिच्याकडून चार भाकरी फडक्यात गुंडाळून आणायच्या, आपल्या तव्यावर एकेक गरम करायची आणि परातीला थोडं पीठ लावून ती मोरीत ठेवायची. एकदा तो जेवताना म्हणाला, "आजकाल लई पातळ भाकरी व्हायला लागली तुझी." मी खाली मान घालून म्हणाले, "ज्वारी चांगली हाय यंदाची." चाळिशी उलटलेली जिल्हा परिषदेची मास्तरीण, पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवते आणि घरी परातीला पीठ फासते. आठवलं की अजून कानशिलं तापतात.

कारण एवढंच होतं की सकाळी माझी मूठ वळत नव्हती. बोटांची पेरं सुजलेली असायची, मनगट दारात अडकलेल्या कडीसारखं घट्ट. ज्वारीच्या पिठाचा गोळा मळायचा तर त्यात बोटं रुतवावी लागतात, ती रुतायचीच नाहीत. पोलक्याचे हुक लावायला मला वीस मिनिटं लागायची. नळाची तोटी कोपरानं फिरवायची कला मी त्याच दिवसांत शिकले. मग अकरा वाजायचे, साडेअकरा वाजायचे आणि बोटं हळूहळू सुटायला लागायची. दुपारी मी फळा भरून लिहायचे, वह्या तपासायचे, पोरांच्या चपलांचे बंद बसवून द्यायचे. दुपारी मला कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, या बाईला काय धाड भरलीय?

शाळेत मी पहिले दोन तास तोंडी घ्यायला लागले. पाढे म्हणा, कविता म्हणा, पुन्हा पाढे म्हणा. मुख्याध्यापक एकदा दारात उभे राहून हसले, "बाई, तुमच्या वर्गात सकाळी सकाळी भजनी मंडळ बसल्यागत वाटतंय." मीही हसले. हात मात्र पदराखाली घेतले.

कुणाला सांगितलं का नाही? सकाळी दुखतं आणि दुपारी राहतं, अशा दुखण्याला काय म्हणतात ते मला फार लहानपणी कळलेलं होतं. नाटक म्हणतात. तो शब्द मीच वापरला होता, माझ्या आईसाठी. त्याकडं मी येणारच आहे, टाळत नाही. टाळण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत.

सांगितलं नाही, पण औषध शोधलं. आठवडी बाजारात एक माणूस चादर अंथरून सांधेदुखीच्या पुड्या विकायला बसायचा. मी तोंडाला स्कार्फ बांधून गेले, न जाणो एखाद्या विद्यार्थ्याचे वडील भेटायचे. कागदात बांधलेली राखाडी पूड, सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यातून. चौथ्या दिवशी मी स्वतःच्या हातानं भाकरी थापली. खरं सांगते, तव्यावर ती फुगली तेव्हा मी रडले. पुड्या संपल्या की आठवड्यात सगळं पुन्हा पहिल्यासारखं, म्हणून पुन्हा स्कार्फ, पुन्हा बाजार. असं तीनचार वेळा झालं. चेहरा सुजल्यासारखा दिसायला लागला. शेजारणी म्हणाल्या, तब्येत सुधारली बाईंची.

शेवटी नवऱ्यालाच शंका आली. मोरीतली परात त्यानंच एकदा घासायला घेतली होती आणि तिच्यात कोरडं पीठ निघालं. तो ओरडला नाही. म्हणाला, "दवाखान्यात जाऊ." बीडला हाडांच्या डॉक्टरची वेळ मिळाली ती दुपारी तीनची. आणि मी काय केलं असेल? एसटीचा दांडा धरता यावा, चारचौघांत अवघडलेली दिसू नये, म्हणून सकाळी दोन पुड्या एकदम घेतल्या. आमच्याकडं पाहुण्याकडं जाताना माणूस जसं ठेवणीतलं लुगडं नेसून जातं, तशी मी दुखणं झाकून डॉक्टरकडं गेले. त्यांनी हात दाबून पाहिले. सूज नव्हती. मूठ वळत होती. फोटोत हाडं चांगली होती. "काही औषध चालू आहे?" त्यांनी विचारलं. "नाही," मी म्हणाले. ते म्हणाले, "काळजीचं काही दिसत नाही. कॅल्शियम घ्या, ताण घेऊ नका." बाहेर आल्यावर नवरा सुटल्यासारखा हसला. मला मात्र चोरी पकडल्यासारखं झालं. वाटलं, नाटकच असेल. मी करत असेन आणि माझं मलाच कळत नसेल.

पुढचे तीन महिने मी कॅल्शियम खाल्लं, पुड्या खाल्ल्या आणि गप्प बसले. मग एका सकाळी गुडघा असा धरला की अंथरुणावरून उठताच येईना. नवऱ्यानं काखेत हात घालून उठवलं. त्याच आठवड्यात तो मला दुसऱ्या डॉक्टरकडं घेऊन गेला. या फक्त सांध्यांच्याच आजारांच्या डॉक्टर, छत्रपती संभाजीनगरहून पंधरा दिवसांनी एकदा बीडला यायच्या. माझ्यापेक्षा वयानं लहान, बोलायला मऊ. त्यांनी फोटो बाजूला ठेवले आणि विचारलं, "सकाळी उठल्यावर बोटं किती वेळ आखडलेली असतात?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"अकरापर्यंत," मी म्हणाले. "कधी साडेअकरा."

"आणि दुपारी सैल होतात? कामं करता येतात?"

वर्गात गृहपाठ न केलेली पोरं बघतात तशी जमिनीकडं बघत बसले. त्यांना काय वाटलं कोण जाणे. म्हणाल्या, "ताई, लाजू नका. हीच खूण आहे या दुखण्याची. सकाळी जखडणं आणि हालचालीनं सुटणं. यावरूनच तर आम्हाला संशय येतो."

खूण. मी तो शब्द मनात दोनदा म्हटला.

पुड्यांचं मग मी सांगून टाकलं. त्यांनी कपाळाला हात लावला. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड घातलेलं असतं, त्यानं सूज दबते, आजार आत चालूच राहतो, असं त्या म्हणाल्या. पुढचा प्रश्न आला, "घरात कुणाला असं आहे? आईला, मावशीला?"

"नाही," मी म्हणाले.

दुसऱ्यांदा खोटं. पुडीची लाज मी ओलांडली, ही ओलांडवली नाही.

माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. धारूरच्या डोंगरातलं आमचं गाव, दिवाळी झाली की निम्मं रिकामं व्हायचं. तोडीवर नवरा आणि बायको मिळून एक माणूस मोजतात, त्याला म्हणतात एक कोयता. नवरा तोडणार, बायको उसाच्या हिरव्या वाढ्याला पीळ देऊन मोळी बांधणार. दोघांतलं एक थांबलं की कोयता अर्धा. मी दहा वर्षांची होते, धाकट्या भावाला सांभाळायला सोबत नेलेली. उजाडायच्या आत फडात जायचं आणि आई वाढं हातात घेऊन नुसती बसून राहायची. पीळच देता यायचा नाही तिला. "हात उघडंनात माझे," ती म्हणायची. मग मोळ्या मी बांधायच्या. मुकादम येता-जाता वडलांना म्हणायचा, "तुमचा कोयता अर्धाच हाय बे." वडील मान खाली घालायचे.

तिथं कारखान्याच्या वस्तीवर आमच्यासारख्या पोरांसाठी साखरशाळा होती. ती सकाळी भरायची. पत्र्याच्या खोलीतून पाढ्यांचा आवाज फडापर्यंत यायचा आणि मी मोळ्या बांधत तो ऐकायचे. मला पाढे येत होते. मला शाळेत जायचं होतं. आणि मी रोज बघत होते की दुपार झाली की आईचे हात चांगले चालतात. ती सोलते, मोळी डोक्यावर घेते, फळीवरून गाडीत चढते.

एका दुपारी भाकर खाताना, आईच्या देखतच, मी वडलांना म्हणाले, "आबा, आई नाटक करती. सकाळी तिचे हात चालत न्हाईत आन् दुपारी कसे चालत्यात? मंग सकाळी कावून न्हाई?"

हुशार पोरगी होते. हिशेब अगदी बरोबर मांडला होता.

वडील मारकुटे नव्हते. त्यांनी हातातली भाकर खाली ठेवली आणि आईकडं बघून एवढंच म्हणाले, "पोरगीबी बोलाया लागली आता." आईनं भाकरीचं फडकं गुंडाळलं. दुसऱ्या दिवसापासून मी साखरशाळेत जायला लागले. आई सकाळी वाढ्याचं एक टोक दातात धरायची आणि मनगटानं ओढून मोळी आवळायची. हे मी शाळेच्या दारातून पाहिलेलं आहे. हात दुखतात हे त्यानंतर तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. मी शिकले, मास्तरीण झाले, सत्कारात नारळ घेतला. आईची बोटं पुढं करंगळीच्या बाजूला कलंडत गेली. सगळे म्हणायचे, उसानं वाकडी झाली. मीही तेच म्हणायचे. ऊस साक्षीला येत नाही, त्यामुळं बरं पडायचं.

रक्ताचे रिपोर्ट आले, संधिवात पक्का झाला. वय झालं म्हणून होणारा नाही, शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं तो. लवकर कळला तर आवरता येतो, डॉक्टर म्हणाल्या. गोळ्या सुरू झाल्या. नवरा निवांत झाला, मुलीला फोन करून सांगितलं, तीही निवांत झाली. मला झोप लागेना. रविवारी मी एकटीच धारूरकडची गाडी धरली.

आई भावाकडं असते. मी गेले तेव्हा ओट्यावर बसून ती दोन्ही तळहातांत पेला धरून चहा पीत होती. तिला कपाचा कान पकडता येत नाही, कितीतरी वर्षांपासून. मला बघून म्हणाली, "अचानक कावून आलीस गं?" मी शेजारी बसले आणि माझे हात तिच्या पुढ्यात ठेवले. सगळं सांगितलं, पुड्या, भाकरी, रिपोर्ट. मग ते सांगितलं जे सांगायला गेले होते. "आई, तू नाटक करत नव्हतीस. हा आजारच असाय. सकाळी धरतो, दुपारी सोडतो. मी खोटं बोलले होते आबांना."

तिनं पेला खाली ठेवला. बराच वेळ माझ्या बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरवत राहिली. म्हणाली, "खोटं कुठं बोललीस? दिसलं तेच बोललीस." मग माझा हात आपल्या मांडीवर घेत, "तू शानी पोर. तू म्हणलीस तवा मलाबी वाटलं, मी नाटकच करत आसंन. आंग चोरत आसंन. म्हून मंग कुणाला सांगितलंच न्हाई."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, आणि तीच मला समजावत राहिली. त्याचीही मला लाजच वाटली.

पुढच्या वेळी सकाळीच मी आईला सोबत नेलं. ती यायला तयार नव्हती, "आता ह्या वयात काय करायचंय" म्हणत होती. भावानं तिला गाडीत बसवलं. दवाखान्यात ती खुर्चीच्या कडेवर बसली, हात पदरात. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं, आईकडं पाहिलं. "घरात कुणाला नाही म्हणाला होतात," असं त्या बोलल्या नाहीत, पण कागद मागं उलटून त्यांनी ती ओळ शोधली हे मला दिसलं. मग आईचे हात हळूच पदराबाहेर काढले आणि विचारलं, "आजी, तरुणपणी सकाळी हात आखडायचे का? कधीपर्यंत?"

आई माझ्याकडं हनुवटी करून म्हणाली, "हिला इचारा. ही व्हती तिथं. माझं कुणी खरं धरत न्हाई."

डॉक्टर पेन धरून माझ्याकडं बघत होत्या. मी आईचा हात हातात घेतला. माझी बोटं सकाळची होती, तिची कायमची, दोन्हींना नीट धरता येत नव्हतं.

"सकाळी तिचे हात चालत नव्हते," मी म्हणाले. "दुपारी चालायचे."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.